पोरगी व्हीगन झाली, आता तिला खायला काय घालू?

दोन महिन्यांपूर्वी रविवारची वंदना संपल्यावर एक आई विहाराच्या पायरीवर आमच्यासाठी थांबली होती. आजूबाजूच्या बाया पांगल्यावर म्हणाली, "तुम्ही पत्रिकेत आरोग्याचं लिहिता ना, मग मला एक सांगा. माझी पोरगी आठ महिने झाले मटण खात नाही, अंडं खात नाही, आता चहात दूधसुद्धा घालू देत नाही. म्हणते, मी व्हीगन झाले. उठता-बसता चक्कर येते, जिन्यावर धाप लागते, केस तर मुठीनं गळतात. सासूबाई म्हणतात, कॉलेजातल्या बामणाच्या पोरींनी बिघडवली. तिचे पप्पा तिच्याशी बोलतच नाहीत. मी खायला काय घालू हिला?"

पोरगी वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही तिच्याशीही बोललो. कुणी बिघडवल्यासारखी अजिबात वाटली नाही. मोबाइलवर तिने अंडी उबवण्याच्या कारखान्यातले चित्रीकरण पाहिले होते. अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबड्यांत नर पिल्लांचा मालकाला उपयोग नसतो, म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारतात. दुधासाठी म्हशीला दरवर्षी गाभण ठेवतात आणि रेडकू नर निघाले की त्याच्या वाट्याचे दूध तोडतात, हेही तिला नव्याने कळले होते. "रोज पंचशील म्हणते मी. पहिल्या शीलाचा अर्थ मला असा लागला. बाकी कुणी काय खावं ते मी सांगत नाही," एवढेच ती म्हणाली.

हा प्रश्न आता एकाच घराचा राहिलेला नाही. वस्तीतली शिकणारी आणि नोकरी करणारी पाच-सात मुलेमुली तरी आम्हाला माहीत आहेत, ज्यांनी असे काही सोडले आहे किंवा सोडायच्या विचारात आहेत. म्हणून या वेळचे पान यासाठी.

आधी शब्दाचा घोळ. शाकाहारी माणूस मांस-मासे खात नाही, पण दूध, दही, तूप खातो. व्हीगन माणूस प्राण्यापासून मिळणारे काहीच घेत नाही. दूध नाही, अंडे नाही, मधही नाही. पुष्कळजण चामड्याची चप्पल आणि रेशीमही सोडतात. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका व्हीगनच्या कामाचा नाही. दुधाची पावडर असली तरी तो ठिपका असतोच.

हा शब्द इंग्लंडमधला आणि तसा अलीकडचा आहे. डोनाल्ड वॉटसन नावाचे सुतारकाम शिकवणारे एक शिक्षक होते. १९१० साली यॉर्कशायरमध्ये, कोळशाच्या खाणींच्या मुलखात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते एका नातेवाइकाच्या शेतावर जात. तिथल्या जनावरांचा त्यांना लळा होता. एक दिवस त्यांच्यासमोर तिथले डुक्कर कापले. ते ओरडणे त्यांच्या मनातून गेले नाही. चौदाव्या वर्षी त्यांनी मांस सोडले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी दूधही. नोव्हेंबर १९४४ मध्ये दुसरे महायुद्ध चालू असताना, रेशनवर मोजून मिळत असताना, त्यांनी आणखी पाच जणांना घेऊन व्हीगन सोसायटी काढली. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे पुढचे आणि मागचे तुकडे जोडून नाव तयार केले. त्यांच्या पत्रिकेला सुरुवातीला पंचवीसेक वर्गणीदार होते. लोक म्हणायचे, ही माणसे लवकरच मरतील. वॉटसन २००५ मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय ९५ होते.

आता आजींचे म्हणणे. त्यांना हसून चालणार नाही. वॉटसन यांच्या ताटात काय आहे यावरून इंग्लंडात त्यांना कुणी खोली नाकारली नव्हती. आपल्याला नाकारली जाते. 'शुद्ध शाकाहारी' या पाटीमागे काय असते ते भाड्याने घर शोधणाऱ्या प्रत्येक बौद्ध जोडप्याला ठाऊक आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी, वरच्या जातीसारखे 'सोवळे' होण्यासाठी नव्हे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला. मराठवाड्यातल्या आपल्या जुन्या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये केली तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा वाटले, आपल्या चुलीवरचेही लिहिण्यासारखे होते. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या घरातले स्वस्त मांस गेले. हे सगळे आजींच्या त्या एका वाक्यात आहे.

पण नात जे करते आहे ते सोवळे नाही. ती आजीच्या हातचे पाणी पिते, मटणाची भांडीही घासते. धम्माचे म्हणाल तर दोघींच्या बाजूने आधार आहे. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे कायमचे वर्ज्य करा अशी मागणी केली होती. ती सर्वांवर लादायला बुद्धांनी नकार दिला, हे विनयात नोंदलेले आहे. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, असे मांस भिक्खूने दानात घ्यायला हरकत नाही, असे जीवक सुत्तात सांगितले आहे. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसा ही आंधळेपणाने पाळायच्या नियमासारखी नसून विवेकाने वापरायच्या तत्त्वासारखी मांडली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला. म्हणजे मांस खाणारा बौद्ध कमी बौद्ध ठरत नाही, आणि करुणेपोटी ते सोडणारी पोरगी बामण ठरत नाही. विहारात या विषयावर होणारी भांडणे आम्हाला तरी फुकटची वाटतात. आमची काळजी वेगळी आहे. ती चक्कर कशाने येते?

आम्ही तिला विचारले, दिवसभर काय खातेस? सकाळी बिनदुधाचा चहा आणि दोन पाव. दुपारी कॉलेजबाहेर वडापाव. संध्याकाळी वेफर्सचा पुडा. रात्री भात आणि घरी असेल ती भाजी. डाळ? "डाळ आवडत नाही मला." वडापाव व्हीगनच आहे, वेफर्स व्हीगन, कोल्ड्रिंक व्हीगन. पण एवढ्यावर कुणाचेही शरीर चालत नाही, मांस खाणाऱ्याचेही नाही. मटण सोडताना तिने काय सोडायचे याची यादी केली, त्या जागी काय धरायचे याची केलीच नाही.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास निघाले. बाईचे ते १२ च्या पुढे हवे. आणि जीवनसत्त्व बी-१२ फार कमी.

हे बी-१२ नीट समजून घ्या, कारण व्हीगन आहारातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. आपल्याला ते दिवसाला लागते फक्त दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. मिठाच्या एका खड्यापेक्षाही कमी. पण त्याच्याशिवाय रक्ताच्या पेशी नीट बनत नाहीत आणि नसांवरचे आवरण झिजते. ते ना झाड बनवते, ना प्राणी. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, तिथून ते त्यांच्या मांसात, काळजात, दुधात येते. कोंबडीच्या अंड्यात आणि माशातही असते. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, फळात नाही. आंबवलेल्या इडलीवर, ताकाच्या जागी घेतलेल्या कुठल्या पेयावर किंवा स्पिरुलिनाच्या हिरव्या पावडरीवर त्यासाठी भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनात जे असते त्यातले बहुतेक आपल्या शरीराच्या कामाचे नसते, नुसते दिसायला बी-१२ सारखे.

इंग्लंडच्या पहिल्या व्हीगन मंडळींना हे ठाऊक नव्हते. ठाऊक असणार तरी कसे? त्यांची संस्था निघाली १९४४ ला आणि शास्त्रज्ञांनी बी-१२ वेगळे काढले १९४८ ला. त्यांच्यातले काही वर्षानुवर्षे छान राहिले, काहींची मात्र जीभ सोलवटली, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. १९५५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा लोकांची तपासणी करून कारण छापले: आहारात बी-१२ नाही. यावर त्या मंडळींनी काय केले ते आपण शिकण्यासारखे आहे. त्यांनी आपले व्रत मोडले नाही आणि डॉक्टरांना खोटेही ठरवले नाही. जिवाणूंपासून कारखान्यात बनवलेले बी-१२ ते घेऊ लागले. पुढे सोयाच्या दुधात ते मिसळून विकू लागले. आजही व्हीगन सोसायटी आपल्या सभासदांना स्पष्ट सांगते की बी-१२ मिसळलेले पदार्थ रोज खात नसाल तर गोळी घ्यायलाच हवी, रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅमची. दोन आकड्यांतला फरक पाहून चक्रावू नका. आतडे एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलते. त्याच्या वरचे जे असेल त्यातला शंभरातला एखादा भागच आत जातो. म्हणून आठवड्याची गोळी एवढी मोठी.

आता पुन्हा आपल्या पोरीकडे. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली आणि आईचा चेहराच बदलला. निरोगी माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा असतो, तो दोन-तीन वर्षे, कधी त्याहून जास्त पुरतो. आठ महिन्यांत तो संपत नाही. म्हणजे पोरीच्या अंगात ते आधीपासूनच कमी होते. व्हीगन झाल्याने फक्त ते उघड्यावर आले.

"पण आमच्याकडे तर दर रविवारी मटण किंवा चिकन असतं," आई म्हणाली.

असते. कोणाच्या ताटात किती असते? हे आम्ही विचारल्यावर ती थोडी थांबली. फोडी आधी पप्पांना, मग दोन मुलांना. पोरीला एखाद-दुसरी. स्वतः ती रस्सा आणि भाकरी खाते, कधी हाड चोखते. सगळ्यांचे झाल्यावर. कलेजी तिने शेवटची कधी खाल्ली ते तिला आठवेना. दूध चहापुरते आणि अंडी मुलांच्या डब्याला. डॉक्टरांनी तिचीही तपासणी केली. तिचे बी-१२ पोरीपेक्षाही कमी निघाले. दोन वर्षांपासून तिच्या तळपायांची आग होत होती, ती ते उभ्याने धुणी-भांडी करण्यावर ढकलत होती.

हे एकटीचे नशीब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये एक अभ्यास छापला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले. वरवर सगळे निरोगी. त्यातल्या ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले. मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्क्यांचे. शाकाहाऱ्यांना मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून अधिक धोका होता. मध्यमवर्ग सोडला तर उरलेल्या दोन गटांत प्रमाण कमी होते, तरी ते निम्म्याच्या वरच होते. आणि हे पुरुष होते, ज्यांच्या ताटात फोडी आधी पडतात. बायकांचे रक्त कमी असणे तर आपण इतके नेहमीचे मानले आहे की कुणी विचारतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

तेव्हा पुढचे सगळे व्हीगनसाठी लिहिलेले असले तरी घरातल्या प्रत्येकाने वाचावे.

मुंग्या येणे, हातपाय बधिर होणे, तळपायांची आग, जीभ लाल आणि गुळगुळीत होणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, सतत थकवा, उगाच उदास वाटणे, यातले काही असेल तर दवाखान्यात बी-१२ चे नाव काढा. उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि पित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांतही बी-१२ घटते, मग ते कितीही मटण खात असोत. तपासणी महाग आहे हे खरे. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सरळ सांगा, लक्षणे आणि रक्ताच्या साध्या तपासणीवरूनही त्यांना बराच अंदाज येतो. बी-१२ कमी असले की रक्तपेशी आकाराने मोठ्या होतात. पण लोहही कमी असेल तर हा फरक झाकला जातो, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर लक्षणे सोडून देऊ नका.

लोहाच्या गोळीबद्दल एक महत्त्वाचे. आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. ती गोळी जरूर घ्या, फेकू नका. पण नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आतून नसा झिजत राहतात. ती गोळी घेणाऱ्या व्हीगन व्यक्तीने तिच्या जोडीला बी-१२ घेतलेच पाहिजे.

रेशनच्या तांदळात कधी कधी पांढरट, थोडे वेगळे दिसणारे दाणे असतात. प्लास्टिक म्हणून कित्येक बाया ते निवडून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मळून ते दाणे बनवतात आणि साध्या तांदळात मिसळतात. निवडू नका. पण त्यावर विसंबूही नका. सरकारी मानकाप्रमाणे अशा एक किलो तांदळात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम असते. दिवसाला पाव किलो खाल्ला तरी गरजेचा आठवा हिस्सा मिळतो.

म्हणून गोळीच. साधी बी-१२ ची गोळी जिवाणूंपासूनच बनते, त्यामुळे व्हीगनच्या तत्त्वात बसते. पोरीने आम्हाला विचारले, कॅप्सूल चालेल का? चांगला प्रश्न होता. कॅप्सूलचे कवच बहुतेक वेळा जिलेटीनचे असते आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. म्हणून कॅप्सूल नको, गोळी मागावी. मात्र ज्यांचे आधीच कमी निघाले आहे त्यांना वर सांगितलेली १० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरत नाही. त्यांना डॉक्टर सुया किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतात. ते औषध आपल्या मनाने सुरू करू नये आणि मध्येच सोडूही नये.

बाकीची काळजी मोठी नाही, कारण आपले जुने जेवण मुळात झाडापेरावरचेच आहे. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, चटणी. मटण आठवड्याचे. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. हिशेब करून पाहू. ज्वारीच्या तीन भाकरींत साधारण १८ ग्रॅम. मूठभर तुरीच्या डाळीच्या आमटीतून ९. तेवढ्याच मटकीच्या उसळीतून ९. भाजीत आणि चटणीत मिळून मूठभर शेंगदाण्याचा कूट गेला तर ७ ते ८. झाले ४३-४४. त्यात चमचा-दोन चमचे सोयाबीन वडी पडली की भरपाई. कोरड्या सोयावडीत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात आणि ती मटणाच्या मसाल्यात चांगली मुरते. ज्वारी-बाजरीत जे कमी असते ते डाळीत असते, डाळीत कमी असते ते ज्वारीत. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर पिठले आणि कुळथाचे माडगे का वाढले, त्याचे शास्त्र हेच. फक्त वाटी पातळ पाण्याची नको. आमटीत डाळ दिसली पाहिजे.

आणि डाळ आवडत नसेल तर? आम्ही पोरीला स्पष्ट सांगितले, मग व्हीगन होता येणार नाही. डाळ, उसळ, शेंगदाणे, फुटाणे आणि सोया यांतले काहीच आवडत नसेल तर हा आहार तुझ्यासाठी नाही. ती हसली आणि म्हणाली, उसळ खाईन.

लोह पालेभाजीत, डाळीत, बाजरीत, तिळात, अळिवात आहे, पण झाडातले लोह मांसातल्या लोहाइतके सहज अंगी लागत नाही. त्यावर दोन स्वस्त उपाय आहेत. जेवताना लिंबू पिळा किंवा कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा खा. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. दुसरा उपाय वस्तीत पाळणे अवघड आहे, आम्हालाही जमत नाही. लोखंडी तवा-कढई वापरात असेल तर तिला टाकू नका. कडधान्ये भिजवून मोड आणली की त्यातले लोह मोकळे होते.

दूध सोडले की कॅल्शियमचा प्रश्न येतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, तीळ यांतही भरपूर. शेवग्याचे झाड तर वस्तीच्या कोपऱ्यात असतेच, आपण शेंगा काढतो आणि पाला सोडतो. पालकावर मात्र कॅल्शियमसाठी जाऊ नका, त्यातले फारसे अंगी लागत नाही. मीठ आयोडीनचेच घ्या, सैंधव नको. जवसाची चटणी रोज चमचाभर खा, माशांतून मिळणाऱ्या चांगल्या चरबीचा काही भाग तिच्यातून मिळतो. मॉलमधले बदामाचे दूध, व्हीगन चीज, व्हीगन बर्गर यांवर पैसे घालवू नका. बदामाच्या दुधात प्रथिने नावापुरती असतात. अर्धा किलो सोयावडी अंड्यांच्या एका ट्रेहून स्वस्त पडते.

आता ज्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये त्यांच्याबद्दल. टीबीचे औषध चालू असलेले, अशक्त, नुकतेच ऑपरेशन झालेले, वजन घटत चाललेले. त्यांनी ताटातले काहीही कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी-उसळींचे प्रमाणही डॉक्टरच ठरवतील. आणि लहान मुलांवर आपले व्रत लादू नका. मूल मोठे होऊन ठरवेल. त्याला अंडे मिळत असेल तर मिळू द्या.

सगळ्यात जास्त जपायचे ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधातही उतरत नाही. असे बाळ सुरुवातीचे काही महिने ठीक वाढते. मग हसायचे थांबते, मान धरलेली सोडते, त्वचा काळवंडते, हात थरथरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्ये अशा बाळांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या आयांनी व्हीगन हा शब्द ऐकलाही नव्हता. बी-१२ दिल्यावर अशी बाळे काही दिवसांतच तरतरीत होऊ लागतात, पण फार उशीर झाला तर बुद्धीची वाढ मागे राहू शकते. घरातली सून व्हीगन असो, शाकाहारी असो की फक्त रस्सा खाणारी असो, तिला दिवस गेल्याचे कळले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तसे सांगा.

त्या घरात आम्ही गेल्या रविवारी पुन्हा गेलो. पोरीच्या सुया संपल्या होत्या, आता आठवड्याची गोळी आणि लोहाची गोळी चालू आहे. चक्कर थांबली आहे. केस अजून गळतात, त्याला वेळ लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आईच्या तळपायांची आग कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. पप्पा अजून पोरीशी मोजकेच बोलतात, पण सोयावडीचा पुडा तेच घेऊन आले होते. गॅसच्या एका शेगडीवर मटण होते, दुसरीवर त्याच वाटणातली सोयावडी. ताटे वाढायला पोरगीच बसली. पातेल्यातून कलेजीचे दोन तुकडे आधी काढून तिने आईच्या ताटात घातले आणि आई पप्पांकडे बघू लागली तेव्हा म्हणाली, "खा तू, डॉक्टरांनी तुला सांगितलंय." तीन महिन्यांनी दोघींची तपासणी पुन्हा आहे.